आडवी रेघ

"काका, नीट ऐका. विमान सुटलेलं नाही. अजून सुटलेलंच नाही. ऐकू येतंय का?"

"येतंय बापू. बोल."

"इथं बर्फ पडतोय. धावपट्टी बंद आहे. सहा तास तरी जातील, कदाचित दहा-अकरा. अण्णांना तसंच सांगा. मोघम सांगू नका, आकडा सांगा."

माझ्या हातातली नाणी संपत आली होती.

"सांगता ना?"

"तू कुठून बोलू राहिला?"

"फ्रँकफर्टहून. काका, त्यांना चुकीची वेळ चालत नाही. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?"

"ते बी खरंच," भंगाळेकाका म्हणाले. मग आवाज खाली आणून, कोणी ऐकेल अशा धास्तीने बोलावे तसे म्हणाले, "तू काही खाऊन घे. अन् उपाशी राहून भांडत बसू नको तिथल्या लोकांशी."

एवढ्यात फोन तुटला.

१९९५ सालच्या फेब्रुवारीतला तो बुधवार होता. फ्रँकफर्टच्या विमानतळावर दुपारचे बारा चाळीस झाले होते, म्हणजे भुसावळला संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. मी खिशातली वही काढून दोन्ही वेळा लिहून ठेवल्या. ही सवय मला वडिलांकडून आली, आणि ते वडीलच आता किती तास काढतील हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. सोमवारी कुमुदताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, टोरांटोला फोन करून एवढेच सांगितले होते : "हृदय थकलंय. तू नीघ. या वेळी वाद घालू नकोस, वासुदेव. नुसता नीघ."

मी तेव्हा टोरांटोच्या एका विद्यापीठात संस्कृत गद्य शिकवीत असे. पानभर चालणारे वाक्य सोडवून त्यातला प्रत्येक सांधा विद्यार्थ्यांना दाखवायचा, हे माझे काम. आणि समोरच्याच्या बोलण्यातला निखळलेला सांधा न विचारता दाखवायचा, हा घरच्यांच्या मते माझा स्वभाव. हा स्वभाव कोणाकडून आला, यावर मात्र घरात दुमत नव्हते.

माझे वडील, म्हणजे अण्णा, भालचंद्र गोविंद सावदेकर, तीस वर्षे भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंट्रोलरच्या टेबलावर एक लांबरुंद चार्ट पसरलेला असतो. त्यावर आडवे तास आणि उभी स्टेशने. एकेका स्टेशनाकडून फोन येतो, गाडी इतक्या वाजता निघाली, आणि कंट्रोलर फूटपट्टी लावून रेघ पुढे नेतो. मेलगाडीची रेघ लाल, पॅसेंजरची निळी, मालगाडीची काळी. गाडी वेगात असली तर रेघ उभट होते, रेंगाळली तर रेघ कलते, आणि गाडी उभी राहिली की स्टेशन बदलत नाही, पण वेळ जात राहतो, म्हणून रेघ आडवी पडते. त्या आडव्या रेघेशेजारी कंट्रोलरने गाडी का थांबली आणि दोष कोणाचा, याचा शेरा लिहून सही करायची असते. इंजिनचा, सिग्नलचा, गार्डाचा. कोणाचा ना कोणाचा दोष ठरतोच.

अण्णा म्हणत, "तिरप्या रेघा कोणीही काढील. कंट्रोलर ओळखावा आडव्या रेघेवरून."

पुंडलिक भंगाळे हे त्यांचे मदतनीस. बासष्ट साली, नोकरीला लागून वर्षही झाले नसताना, त्यांनी एका मालगाडीचा बारा मिनिटांचा मुक्काम लपविला. एक स्टेशनमास्तर गयावया करीत होता, म्हणून आडवी रेघ न काढता आधीचीच रेघ जरा कलती केली; बारा मिनिटे वीस मैलांत वाटून टाकली. अण्णांनी पट्टी न लावता नुसत्या नजरेने ते ओळखले आणि लेखी रिपोर्ट केला. भंगाळ्यांची वर्षाची पगारवाढ गेली. त्यानंतर तेहतीस वर्षे हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे मित्र होते. हे कसे, ते मला कधी उलगडले नव्हते. भंगाळेकाकांना विचारले तर ते म्हणत, "साहेबांनी माझी रेघ सरळ केली, भो." आणि हसत.

आता माझ्या स्वतःच्या आडव्या रेघेविषयी सांगितले पाहिजे.

एकोणनव्वद साली आई गेली. मला तार मिळाली त्या क्षणी मी तिकिटामागे लागलो आणि चौथ्या दिवशी पोहोचलो. सगळे आटोपले होते. ओसरीवर दहा-बारा माणसे बसली होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, "तुझी गाडी लेट झाली, वासुदेव."

दुसरा कोणी असता तर खाली मान घालून आत गेला असता. मी टोरांटोला परतलो आणि तीन पानी पत्र लिहिले. टोरांटो ते फ्रँकफर्ट सहा हजार तीनशे चाळीस किलोमीटर, साडेसात तास. फ्रँकफर्ट ते मुंबई सहा हजार पाचशे सत्तर, आठ तास. मुंबई ते भुसावळ चारशे चव्वेचाळीस, सात तास. त्यात घड्याळातला साडेदहा तासांचा फरक, तिकिटाला लागलेला दीड दिवस, जोडविमानाची वाट. प्रत्येक आकड्याला आधार दिला आणि शेवटी सिद्ध केले की, त्या दिवशी टोरांटोहून निघणारा कोणताही मनुष्य माझ्या आधी पोहोचणे अशक्य होते. पत्र भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यात 'आई' हा शब्द एकदाच आला होता, तारीख सांगण्यासाठी.

उत्तरादाखल पोस्टकार्ड आले. "हिशेब तपासला. बरोबर आहे. — अण्णा."

हे पोस्टकार्ड मी सहा वर्षे जपून ठेवले होते. खोटे कशाला सांगू, जिंकलेल्या दाव्याच्या निकालपत्रासारखे जपून ठेवले होते. त्यानंतर आम्ही एकमेकांना दरमहा पत्रे लिहिली, पण त्या विषयाला दोघांपैकी कोणीही पुन्हा हात लावला नाही. मी एकदाही भुसावळला गेलो नाही.

आणि आता फ्रँकफर्टच्या काचेपलीकडे बर्फ पडत होता, आणि मी पुन्हा लेट होतो.

विमान हलले ते तिथल्या रात्री दहाला. भारतात तेव्हा गुरुवारचे अडीच वाजले होते. मुंबईला सकाळी साडेदहाला उतरलो, विमानतळावरून घरी फोन केला. काकांनीच उचलला. "आहेत," ते म्हणाले, "ये." दादरला मिळाली ती गाडी धरली. कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिन जोडतात, त्याला रेल्वेचे लोक बँकर म्हणतात. तो बँकर लागताना डब्याला धक्का बसला आणि मला लहानपणीसारखे वाटून गेले, की अण्णांच्या चार्टवर आता माझी रेघ चढते आहे. सात पंचवीसला भुसावळ आले.

कुमुदताई दारातच उभी होती. "पाय धू. आणि आत जाऊन लगेच तोंड उघडू नकोस."

"काय झालं?"

"काही नाही. जागे आहेत. तुझीच वाट पाहतायत."

मधल्या खोलीत अण्णा उशांच्या आधाराने पडले होते. सहा वर्षांत त्यांचे शरीर निम्मे झाले होते. डोळे मात्र पूर्वीइतकेच मोठे होते, म्हणून आता चेहऱ्याला जास्त वाटत होते. उशाशी भंगाळेकाका बसले होते, दोन दिवसांची दाढी वाढलेली. पायथ्याशी खुर्चीवर एक पृथ्वीचा गोल होता, काकांच्या सुनेच्या शाळेतला. आणि भिंतीला टेकवून, अण्णांना पडल्या पडल्या दिसावा असा, एक लाकडी फळा. फळ्यावर कंट्रोल ऑफिसचा जुना चार्ट डकवला होता.

"आलास," अण्णा म्हणाले. "किती वाजले?"

"सात चाळीस."

"गाडी सात पंचवीसलाच लागली ना?"

"हो."

"हं." त्यांनी हात जरासा उचलला, मी तो धरला. हात थंड होता आणि मला वाटले त्याहून हलका. मग त्यांनी हनुवटीने फळ्याकडे खूण केली. "चार्ट बघ. तुझाच आहे. पुंडलिकानं काढलाय."

मी चार्टकडे वळलो. उभ्या रांगेत सगळ्यात खाली टोरांटो, सगळ्यात वर भुसावळ. मधे लॅब्राडोर, आयर्लंड, फ्रँकफर्ट, इस्तंबूल, तेहरान, कराचीच्या दक्षिणेचा समुद्र, मुंबई, इगतपुरी, मनमाड, चाळीसगाव. प्रत्येकाशेजारी किलोमीटर, काकांच्या वळणदार आकड्यांत. ही अंतरे त्यांनी गोलावर दोरा ताणून मोजली होती, हे मला नंतर कळले. नकाशावर पट्टी ठेवली तर वाट समुद्राच्या मधोमध जाते, पण गोलावर दोरा ताणला की तो आपणहून उत्तरेला सरकतो, यावर अण्णा आणि काका बुधवारी सकाळी तासभर भांडले होते. लाल रेघ, मेलगाडीची. टोरांटोपासून फ्रँकफर्टपर्यंत ती बरोबर होती, अगदी पाच मिनिटांचाही फरक नव्हता.

पुढे मात्र ती चूक होती.

फ्रँकफर्टहून रेघ, आपल्याकडच्या वेळेने, दुपारी साडेतीनलाच निघाली होती, वेळापत्रकात होती त्या वेळेला. आणि मग ती लांबलचक, मंद चढाने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबईला पोहोचत होती. रात्रभर, कुठेही आडवी न होता. त्या रेघेवर दर दीड-दोन तासांनी टिंब होते आणि टिंबाशेजारी वेळ : इस्तंबूल पास, तेहरान पास. इस्तंबूल पास झाले म्हणून जी वेळ लिहिली होती त्या वेळी मी फ्रँकफर्टच्या बाकावर बसून बर्फ पाहत होतो.

साडेसहा हजार किलोमीटर, एकोणीस तास. मनातल्या मनात भागाकार झाला, तो मी थांबवू शकलो नसतो. तासाला साडेतीनशे. इतक्या सावकाश एवढे मोठे विमान उडूच शकत नाही.

"काका," मी म्हणालो, "ही रेघ..."

भंगाळेकाका उठले. त्यांनी तांब्यातून भांड्यात पाणी ओतले, भांडे माझ्या हातात दिले आणि दुसऱ्या हाताने माझे कोपर धरले. ते धरणे साधे नव्हते. साठी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांत इतका जोर असेल असे मला वाटले नव्हते.

"पाणी पी आधी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. ज्या माणसाची पगारवाढ एका कलत्या रेघेपायी गेली होती, ज्याने त्यानंतर पंचवीस वर्षांच्या नोकरीत एक मिनिट इकडचे तिकडे केले नव्हते, त्याच्या हातून ही चूक नकळत होणे शक्य नव्हते. एवढे अनुमान करायला मला पाण्याचा घोट संपेपर्यंतचा वेळ पुरला. ही चूक कशासाठी केली, ते मात्र कळत नव्हते.

"काय म्हणत होतास?" अण्णांनी विचारले. "रेघ काय?"

"सुबक काढलीय."

"ते राहू दे. फ्रँकफर्टला किती थांबलास?"

माझ्या उभ्या आयुष्यात मी चुकीचा आकडा जाणूनबुजून सांगितला नव्हता. परीक्षेत नाही, न्यायालयासमोर एकदा साक्षीला गेलो होतो तिथे नाही, बायकोला तिच्या वयाबद्दलसुद्धा नाही. खिशातल्या वहीत खरी वेळ मिनिटासकट लिहिलेली होती. काकांची बोटे माझ्या कोपरावरून अजून निघाली नव्हती. दारात कुमुदताई पदराचे टोक दातांत धरून उभी होती.

"साडेतीन तास," मी म्हणालो. "वेळापत्रकात होते तेवढे."

"आणि पुढे? वेग फार पडलेला दिसतोय."

"वारा होता."

"समोरून?"

त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना, वारा बहुधा पाठीमागून असतो. हे मला माहीत होते.

"समोरून," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. "पुंडलिकही तेच म्हणत होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, मागून एक बँकर लावा म्हणावं."

काकांनी माझे कोपर सोडले.

जेवणे झाल्यावर आम्ही दोघे मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर बसलो. काकांनी तंबाखू मळायला घेतली आणि विचारायची वाट न पाहता सांगू लागले.

"मंगळवारी डॉक्टर म्हणे, आज रात्र निघाली तर बघू. साहेब काही बोलेनात, औषध घेईनात. कुमुद म्हणाली, वासुदेव निघतोय. तेव्हा डोळे उघडले अन् म्हणाले, 'पुंडलिक, चार्ट आण.' बस! चार्ट आल्यापासून माणूस उठूनच बसला जणू. दर दीड तासाला, 'कुठं आली रे?' मी सांगायचं आयर्लंड पास, की हे गोळी घेणार. दुसऱ्या टायमाला सांगायचं अमुक पास, की हे दोन चमचे पेज घेणार. डॉक्टरनं मला बाहेर नेऊन सांगितलं, 'भंगाळे, म्हातारबुवा त्या विमानाला लटकून आहेत. ते विमान थांबवू नका.'"

"म्हणून तुम्ही..."

"ऐक तर! साडेतीनला विचारलं, 'फ्रँकफर्ट सुटली?' मी म्हटलं, सुटली. रेघ बी पुढं नेली. अन् पाचला तुझा फोन! आता सुटलेलं विमान मी परत आणू कुठून, भो?"

"आडवी रेघ काढायची होती."

"काढणार होतो. पेन्सिल हातात घेतली होती." काका थांबले. "साहेबांनी विचारलं, 'कोणाचा फोन होता?' मी म्हटलं, राँग नंबर. त्यांनी गोळी घेतली. मग मी चढ कमी करून टाकला. अकरा तास वाटून टाकले सगळ्या रस्त्यात."

"बारा मिनिटांसारखे."

"तसेच."

"काका, त्या वेगात विमान खाली पडलं असतं."

"पडू दिलं नाही ना पण," भंगाळेकाका म्हणाले.

वाद पुढे नेण्याऐवजी मी सरकून त्यांच्याजवळ बसलो.

"काल रात्रभर मीच उडवत होतो ते," तंबाखू मळत ते म्हणाले. "झोप लागली की वाटायचं, आता खाली जातं. मग उठून एक टिंब देऊन यायचो."

मी त्यांचे हात हातात घेतले. तंबाखू खाली सांडली. "अरे, अरे," ते म्हणाले, "चुना लागेल तुला." पण हात सोडवून घेतले नाहीत.

त्यानंतर अण्णा तीन दिवस होते. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांना हुशारी होती. आम्ही पुष्कळ बोललो, आणि आश्चर्य म्हणजे भांडलो फक्त दोनदा. एकदा मुरांब्यात वेलदोडा असावा की लवंग, यावर, आणि एकदा टोरांटोचे सरोवर समुद्राएवढे आहे हे मी म्हटले तेव्हा. "आहे की वाटतं?" त्यांनी विचारले. मी क्षेत्रफळ सांगितले. ते समाधान पावले. आईचा विषय मी दोनदा जिभेवर आणला आणि दोन्ही वेळा गिळला. त्यांनीही काढला नाही. मला वाटले, तो तसाच राहणार.

शनिवारी दुपारी ते कुमुदताईला म्हणाले, "माझी शिसपेन्सिल आणि फूटपट्टी दे. हातात धरायला बरं वाटतं." मग मला म्हणाले, "तू जरा चहाचं बघ. कुमुद पाणचट करते." मी चहा करून आणला तेव्हा फळा त्यांच्या मांडीवर होता आणि ते थकून उशीला टेकले होते. मी फळा उचलून जागेवर ठेवला. त्याच्याकडे नीट पाहिले नाही. त्या चार्टकडे पाहणे मी मुद्दाम टाळत होतो, कारण त्यावर माझा खोटा जबाब लाल रेघेत लिहिलेला होता.

रविवारी सकाळी, आठ वाजून पाच मिनिटांनी, ते गेले. मी त्यांच्याजवळ होतो. वेळ मी वहीत लिहिली.

तेरावा झाल्यावर खोली आवरताना मी फळा उजेडात नेला. लाल रेघेच्या खाली, शिसपेन्सिलीने काढलेली, एक फिकट रेघ होती. हात कापत असल्याचे तिच्यात दिसत होते, पण पट्टी लावलेली होती. ती फ्रँकफर्टपाशी साडेतीनला सुरू होत होती आणि आडवी जात होती. पाच दहाच्या जागी तिच्यावर एक बारीक फुली होती. म्हणजे तो फोन राँग नंबर नव्हता हे त्यांनी तिथेच ओळखले होते. वेळेवर चाललेल्या गाडीसाठी कोणी अवेळी फोन करीत नाही. रेघ तशीच आडवी पुढे गेली होती, अडीच वाजेपर्यंत, आणि तिथून एकदम उभट होऊन, विमानाला शोभेल अशा चढाने, साडेदहाला मुंबईला लाल रेघेला मिळाली होती. फ्रँकफर्टहून मी किती वाजता निघालो हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. मी तर खोटेच सांगितले होते. मुंबईच्या आगमनातून माझ्या जुन्या पत्रातले आठ तास वजा करून त्यांनी ते काढले होते. माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा त्यांचा आकडा चार मिनिटांनी चुकला होता.

आडव्या रेघेशेजारी शेरा होता. ऑफिसात शेरे इंग्रजीत लिहीत. हा मराठीत होता.

"११ तास. हवामान. गाडीचा दोष नाही. तेव्हाही नव्हता. — भा. गो. सा."

मी तो किती वेळा वाचला, ते मोजले नाही.

संध्याकाळी भंगाळेकाका आले तेव्हा मी चार्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. फिकट रेघेवरून त्यांचे बोट फ्रँकफर्टपासून सावकाश पुढे सरकत गेले, आणि अडीचपाशी येऊन थांबले.

"पकडलं की रे मला," ते म्हणाले. "पुन्हा पकडलं! सगळं ठाऊक होतं अन् म्हणे बँकर लावा!" ते हसू लागले; हसता हसता त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "अन् या खेपेला रिपोर्ट नाही केला बघ."

"केलाय. शेरा वाचा."

त्यांनी पुन्हा चष्मा लावला. वाचले. मग चार्ट जुन्या घड्यांवरच, जशी ऑफिसात घालत तशी, अलगद घडी घालून माझ्या हातात दिला.

"हा माझा रिपोर्ट नाही, बापू," ते म्हणाले. "हा तुझा. सांभाळून ने."

आज या गोष्टीला तीस वर्षे होत आली. काका जाऊनही वीस वर्षे झाली. चार्ट माझ्यापाशी आहे. टोरांटोला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी ते जुने पोस्टकार्ड शोधून काढले आणि चार्टच्या घडीत ठेवले.